नोकरदार विद्यार्थी आणि महाविद्यालयाची वेळ : मुंबईच्या शिक्षणेतिहासातील एक प्रकरण

विद्यापीठांचे इतिहास बहुधा कुलगुरू, कायदे, इमारती आणि परीक्षांचे निकाल यांच्या आधारे लिहिले जातात. महाविद्यालयाची घंटा किती वाजता होत असे, ही बाब त्यात क्वचितच येते. परंतु ज्याला पोटासाठी चाकरी करावी लागते आणि त्याच चाकरीत वरची जागा मिळण्यासाठी पदवी हवी असते, त्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा नाही. शुल्क उसने आणता येते, पुस्तके मागून वाचता येतात. दुपारचे बारा ते पाच हे तास मात्र कोणी उसने देत नाही. मुंबईपुरता या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवावयाचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यावयाची विद्यापीठाने, अशी ती व्यवस्था होती. यातला विलक्षण योगायोग असा की, पुढल्याच वर्षी, १८५८ मध्ये, लंडन विद्यापीठाने विशिष्ट महाविद्यालयात शिकल्याची अट सैल करून बाहेरच्या उमेदवारांस आपल्या परीक्षांचे दार उघडले. मूळ नमुना असा बदलला, तरी मुंबईत मात्र संलग्न महाविद्यालयातील हजेरीचा दंडक राहिला. ‘टर्म भरणे’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला तो याच दंडकामुळे. टर्म भरावयाची तर दिवसा वर्गात बसले पाहिजे, आणि दिवसा वर्गात बसावयाचे तर नोकरी सोडली पाहिजे. ज्याच्या पाठीशी वडिलार्जित मिळकत, शिष्यवृत्ती किंवा एखादा आश्रयदाता होता, त्याला हा पेच जाणवला नाही. मॅट्रिक होऊन कचेरीत चिकटलेल्या कारकुनाची मात्र त्यात कायमची कोंडी झाली. सरकारी सेवेतील वरच्या जागा पदवीधरांकडे जात, आणि पदवी मिळविण्याचा मार्ग त्याच सेवेच्या वेळेने अडविलेला असे.

श्रमकऱ्यांना कामाच्या वेळेबाहेर शिकविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरीच शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. १९११ मध्ये ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या गिरणगावात रात्रीच्या शाळा चालविल्या. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांच्या देखरेखीखाली प्रौढ स्त्रिया, विशेषतः विधवा, अक्षरओळखीपासून आरंभ करून शिक्षिका आणि परिचारिका झाल्या. प्रौढ वयात पुन्हा शिकावयास बसणे आणि त्यातून स्वतंत्र उपजीविका मिळविणे यांचे ते उत्तम उदाहरण होय. तथापि या प्रयत्नांची धाव साक्षरतेपर्यंत, शालेय शिक्षणापर्यंत किंवा एखाद्या विशिष्ट व्यवसायापर्यंत होती. विद्यापीठाच्या पदवीचा प्रश्न तसाच राहिला.

याला एक मोठा अपवाद होता, तो कायद्याच्या शिक्षणाचा. मुंबईच्या सरकारी विधिशाळेत बहुशः व्यवसाय करणारे वकीलच अध्यापन करीत. न्यायालयात उभे राहावयाचे त्या वेळी ते वर्गात कसे येणार? म्हणून व्याख्याने न्यायालयाच्या वेळेबाहेर ठेवणे भाग पडे. ही योजना झाली ती अध्यापकांच्या सोयीसाठी. तिचा लाभ मात्र कचेऱ्यांतील कारकून आणि शाळांतील मास्तर यांनाही झाला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी सरकारी शाळेत शिक्षक असतानाच कायद्याची परीक्षा दिली, आणि नोकरी सोडून १९११ मध्ये उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. धर्मशास्त्राच्या या इतिहासकाराच्या आयुष्यातला हा टप्पा ध्यानात घेण्याजोगा आहे. वर्गाची वेळ बदलली की किती माणसांचे मार्ग बदलू शकतात, याची ही आनुषंगिक साक्ष होय.

ज्यांना असा मार्ग उपलब्ध नव्हता, त्यांना काय किंमत द्यावी लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील १९१७ ते १९२३ या कालखंडावरून स्पष्ट दिसते. कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनानंतर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यासक्रम पुरा करण्याची सवलत मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. बडोद्याच्या नोकरीत जातिभेदामुळे राहण्यास जागाही मिळेना, तेव्हा ती सोडून नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये होते. त्या काळी ही नोकरी म्हणजे कोणाही गृहस्थाने जन्मभर सांभाळावी अशी होती. त्यांनी ती मार्च १९२० मध्ये सोडली. वेतनातून मागे टाकलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या भांडवलावर, पत्नी व मुलाला मुंबईत ठेवून, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९२१ मध्ये एम्.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे फिरून लिहावा लागला, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळाली. बॅरिस्टरीचा अभ्यासही त्याच मुक्कामात पुरा झाला. त्यानंतरची उच्च न्यायालयातील वकिली हे त्यांच्या स्वतंत्र सार्वजनिक जीवनाचे आर्थिक अधिष्ठान ठरले.

या इतिहासाकडे केवळ असामान्य पुरुषाच्या चिकाटीची कथा म्हणून पाहणे अपुरे होईल. हाती आलेली नोकरी सोडून, कर्ज काढून, कुटुंबाला मागे ठेवून शिकावयास जाणे हा सर्वसाधारण माणसासाठी मार्ग होऊ शकत नाही. त्यांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली, आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथील वर्ग सकाळी भरविण्यामागे ही जाणीव असावी, असे आम्हांस वाटते. प्राचार्य म्हणून अश्वत्थामाचार्य बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्यासारखे संस्कृतचे नाणावलेले पंडित लाभले. पुढे महाविद्यालय फोर्ट भागातील आनंद भवन व बुद्ध भवन या इमारतींत आले. ही जागाही अर्थपूर्ण आहे. सकाळचे तास आटोपून विद्यार्थी पायी आपल्या कचेरीत वेळेवर पोहोचू शके. नोकरीने ज्ञानाची वाट अडविली होती. येथे महाविद्यालयच नोकरीच्या वाटेवर येऊन उभे राहिले.

अशा शिक्षणावर एक आक्षेप घेतला जातो, त्याचा विचार केला पाहिजे. कमावता विद्यार्थी थकलेला असतो, ग्रंथालयात बसण्यास त्याला सवड नसते, त्याचे लक्ष विद्येपेक्षा बढतीकडे असते, सबब त्याच्यासाठी काढलेल्या महाविद्यालयांत अध्ययनाचा दर्जा उतरतो, असे म्हटले जाते. यातील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच सकाळच्या वर्गांचे महत्त्व अधिक. कारण त्यांत दिवसाचा पहिला, ताजा भाग विद्येला मिळतो आणि उरलेला मालकाला. बढतीच्या हेतूविषयी मात्र आक्षेपकांचा न्याय एकांगी आहे. दिवसाच्या महाविद्यालयातील तरुणही नोकरीच्याच आशेने येत होता. फरक एवढाच की, त्याचा खर्च बाप करीत होता, आणि याचा खर्च हा स्वतः करीत होता.

पुढील काळात घंटेचे बंधन आणखी ढिले झाले. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा पदवीशिक्षणाचा उपक्रम आरंभिला. नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि वर्गातील रोजच्या हजेरीवाचून पदवी मिळविणे महाराष्ट्रातील कमावत्या स्त्रीपुरुषांना अधिक सुलभ झाले. लंडनने १८५८ मध्ये उघडलेले दार आपल्याकडे उघडण्यास फार काळ लागला. या लाभात एक हानीही आहे, ती झाकून ठेवू नये. घरपोच येणाऱ्या पुस्तकात विषय असतो. शेजारी बसलेला सहाध्यायी, शंका ऐकून थांबणारा प्राध्यापक आणि ग्रंथालयातले मेज त्यात नसते. सकाळच्या महाविद्यालयाने या तिन्ही गोष्टी राखून केवळ वेळ बदलली होती. नोकरदाराला विद्येचा उरलासुरला अंश नव्हे, तर पूर्ण वाटा त्याच्या सोयीच्या वेळी मिळावा, हे त्यातील तत्त्व होते. या क्षेत्रातील कोणत्याही नव्या योजनेची परीक्षा करताना हेच माप लावणे इष्ट होय.