गिटार घेऊन निघालेली मुक्तिफौज



नाताळ जवळ आला की आपल्या बहुतेक मंडळ्यांत एक वाद हमखास निघतो. तरुण संघाला उपासनेत गिटार आणि ड्रम हवे असतात. वडीलधाऱ्यांना पेटी-तबला किंवा ऑर्गन पुरेसा वाटतो. यंदा आमच्याकडेही तो निघाला. तेव्हा मला लंडनच्या ‘जॉयस्ट्रिंग्ज’ची आठवण झाली. जेमतेम सहा वर्षे टिकलेला हा वाद्यवृंद.

1963 साली फ्रेडरिक कूट्स मुक्तिफौजेचे जनरल झाले. पत्रकारांशी बोलताना त्यांनी सांगितले की तरुण कॉफी बारमध्ये जमत असतील तर आपणही सुवार्ता घेऊन तिथे जावे. गिटार लागली तर गिटार घेऊन जावे. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट उचलून धरली आणि बीबीसीनेही दखल घेतली. पण गिटारवाले होते कुठे? प्रशिक्षण महाविद्यालयातील कॅप्टन जॉय वेब यांनी काही तरुणांना जमवले आणि स्वतः गाणी रचली.

पॉप, लोकगीत, गॉस्पेल अशा चालींचा त्यात मेळ होता. अंगावर मात्र फौजेचाच गणवेश. 1964 मध्ये त्यांचे ‘इट्स अ‍ॅन ओपन सीक्रेट’ हे गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत 32व्या क्रमांकापर्यंत गेले. बीटल्सच्या त्या दिवसांत तरुणांच्या रेडिओवर ख्रिस्ताचे नाव ऐकू आले. 1969 मध्ये वृंद थांबला.

फौजेतल्या काही जुन्या मंडळींना हे रुचले नव्हते. त्यांचा जीव ब्रास बँडमध्ये होता. पण तो बँड तरी कुठून आला? 1878 च्या सुमारास सॉल्झबरीत रस्त्यावरच्या सभांना हुल्लडबाज त्रास देत, तेव्हा चार्ल्स फ्राय हे बांधकाम व्यावसायिक आपल्या तीन मुलांसह पितळी वाद्ये घेऊन मदतीला उभे राहिले. पुढे विल्यम बूथ यांच्या फौजेने करमणुकीच्या नाट्यगृहांतल्या चालींवरही भक्तिगीते बसवली. काल जे रस्त्यावरचे होते, तेच आज ‘आपले जुने’ झाले.

हे आपल्याला परके नाही. 1882 मध्ये फ्रेडरिक टकर आणि त्यांचे सोबती मुंबईत उतरले, तेव्हा रस्त्यावर गात-वाजवत मिरवणूक काढल्याबद्दल त्यांना अटक झाली होती. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली नसती, तर आपली उपासना किती कोरडी राहिली असती!

पौलही अथेन्समध्ये सभास्थानापुरता थांबला नाही. तो रोज बाजारात जाऊन भेटेल त्याच्याशी बोलत असे. जॉयस्ट्रिंग्जने तेच केले. सहा वर्षांत काम संपले म्हणून ते वाया गेले असे मला वाटत नाही. पेरणाऱ्याने शेतात कायम उभे राहायचे नसते.

आमच्या वादात मात्र एक गोष्ट माझ्या मनाला लागली. दोन्ही बाजू चर्चच्या आत काय वाजावे याबद्दलच बोलत होत्या. चर्चच्या बाहेर, चहाच्या टपरीवर बसलेल्या आपल्याच मुलांकडे कोण जाणार, हे कोणीच विचारले नाही. मीही नाही.

हे प्रभू, वाद्य कोणतेही असो, आम्हाला दाराबाहेर पाठव. आमेन.