पेंडलटन कायद्याची दुसरी बाजू

अमेरिकेच्या राज्यकारभारातील भ्रष्टाचाराचा विषय निघाला की 'क्रेडिट मोबिलिअर' प्रकरणाचा उल्लेख हमखास होतो. १८६२ च्या कायद्यान्वये पॅसिफिक रेल्वे बांधणाऱ्या कंपन्यांना सरकारने जमिनी तर दिल्याच, शिवाय प्रदेशाच्या खडतरपणानुसार दर मैलामागे १६ हजार ते ४८ हजार डॉलरचे रोखे कर्जाऊ दिले. युनियन पॅसिफिकच्या सूत्रधारांनी 'क्रेडिट मोबिलिअर' ही बांधकाम कंपनी हाताशी धरली आणि आपल्याच रेल्वेची कंत्राटे चढ्या दराने आपल्यालाच देऊ केली. रेल्वे कर्जात रुतली, कंत्राटदार गब्बर झाले. काँग्रेसने डोळे मिटून घ्यावेत म्हणून ओक्स एम्स या सदस्याने (हे गृहस्थ फावड्यांचे कारखानदार!) सहकाऱ्यांना या कंपनीचे समभाग स्वस्तात वाटले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांची किंमत लाभांशातून वळती झाली.

१८७२ च्या निवडणुकीच्या धामधुमीत 'न्यूयॉर्क सन'ने हे उघडकीस आणले. फेब्रुवारी १८७३ मध्ये प्रतिनिधिगृहाने एम्स आणि जेम्स ब्रुक्स या दोघांवर ठपका ठेवला. तुरुंगात मात्र कोणीच गेले नाही. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केली. गुलामांना मुक्त करणारा देश आणि समभाग वाटणारी काँग्रेस, ही एकाच दशकाची दोन रूपे होती. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही.

या प्रकरणात ज्यांची नावे आली त्यांतले जेम्स गारफील्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १८८१ मध्ये सरकारी नेमणूक न मिळाल्याने चिडलेल्या एका इसमाने त्यांच्यावर गोळी झाडली. तेव्हाची रीत अशी, की जिंकलेल्या पक्षाने सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांना वाटायच्या आणि त्या कारकुनांनी पगारातला हिस्सा पक्षाला द्यायचा. गारफील्ड यांच्या मृत्यूने लोकमत खवळले व १८८३ मध्ये पेंडलटन कायदा झाला. काही पदे परीक्षेने भरली जाऊ लागली (प्रारंभी जेमतेम दहा टक्के) आणि कर्मचाऱ्यांकडून सक्तीने वर्गणी उकळण्यास बंदी आली.

पाठ्यपुस्तकांत ही कथा येथे सुखान्त होते. वस्तुतः खरी गुंतागुंत येथूनच सुरू होते. कारकुनांची वर्गणी आटत गेल्यावर पक्षांनी जायचे कोठे? १८९६ मध्ये मॅकिन्ली यांच्या प्रचारासाठी मार्क हॅना या उद्योगपतीने बँकांकडे त्यांच्या भांडवलाच्या पाव टक्का रक्कम मागितली. एकट्या स्टँडर्ड ऑइलने अडीच लाख डॉलर दिले. जणू पक्षानेच करआकारणी सुरू केली होती. लोकसेवा पक्षाच्या तावडीतून सुटू लागली आणि पक्ष कंपन्यांच्या दारी जाऊन बसला. माझ्या मते या दोन घटना निराळ्या नव्हेत. १९०७ च्या टिलमन कायद्याने कंपन्यांच्या थेट देणग्यांना मनाई केली, पण अंमलबजावणीसाठी स्वतंत्र यंत्रणाच दिली नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील बंधने उठवली. एम्सना जे आडपडद्याने करावे लागले, त्याच्या जवळचे बरेच काही आता राजरोस करता येते.

२०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क यांनी ट्रम्प व त्यांच्या पक्षासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी काटकसरीसाठी 'डोज' ही यंत्रणा निघाली, तिची सूत्रे काही महिने त्यांच्याच हाती होती आणि त्यांची स्पेसएक्स कंपनी त्याच सरकारची मोठी कंत्राटदार होती. १८८३ पासून वेगळे ठेवू पाहिलेले दोन धागे, देणगीदाराचा पैसा आणि लोकसेवकाची नोकरी, येथे एकाच मुठीत आले. त्या काळात सक्तीची कपात आणि स्वेच्छानिवृत्ती मिळून संघीय कर खात्याचे सुमारे एक चतुर्थांश कर्मचारी गेले. बड्यांचे हिशेब तपासणारे अधिकारीही त्यांत होते.