विहिरीवरचें इंजिन आणि त्याचें निदान

बीड शहराच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर खजाना बावडी नांवाची जुनी विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळीं, सोळाव्या शतकांत, ती बांधली गेली. तिचें पाणी भूमिगत कालव्यानें शेतांकडे जाई. उपसण्याचे कष्ट नसत. परंतु असें भाग्य जिल्ह्यांतील फार थोड्या विहिरींच्या वाट्यास आलें. इतरत्र पाणी खोल, आणि तें वर काढण्यास मोट हेंच साधन.

मोटेचा दोष डोळ्यांना दिसे. नाडा झिजला, चाक करकरूं लागलें किंवा चामडें उसवलें, तर तें बैल हाकणाऱ्या पोरासही कळे. सुतार व चांभार गांवांतच असत. इंजिन आलें आणि ही स्थिति पालटली. शक्ति वाढली, पण दोष लोखंडाच्या आंत दडला.

या इंजिनाचा मूळ कर्ता रुडॉल्फ डीझेल. त्यास 1893 सालीं जर्मनींत पेटंट मिळालें, आणि 1897 सालीं ऑग्सबर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी ठरलें. महाराष्ट्रांत सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यानें 1930 नंतरच्या दशकांत अशीं इंजिनें बनविलीं. पुण्यास 1946 सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. बीड जिल्हा त्या वेळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. 1948 च्या सप्टेंबरांत ती राजवट संपली; 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला व 1960 सालीं महाराष्ट्र राज्य झालें. वीज खेडोपाडीं पोहोंचण्यास पुढेंही बराच काळ लागला. त्या अवधींत विहिरीवरील मोटेची जागा तेलाच्या इंजिनानें घेतली.

आतां शेतकऱ्यावरील प्रसंग पाहावा. ज्वारी पोटऱ्यांत आली आहे, विहिरींत दोन-चार घटका पुरेल इतकेंच पाणी आहे, आणि इंजिन हँडलनें फिरतें पण पेट घेत नाहीं. मिस्त्री तालुक्याच्या गांवीं. एक पाणी चुकलें तर कणसांत दाणा भरत नाहीं. अशा वेळीं दिसेल तो नट सोडणारा मनुष्य एका दोषाचे चार दोष करून ठेवतो. जाणता मनुष्य प्रथम हात आवरतो व क्रमानें प्रश्न विचारतो.

डीझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. दट्ट्या हवा सुमारें सोळा-सतरा पट दाबतो. त्यामुळें ती इतकी तापते कीं, तींत फवारलेलें तेल आपोआप पेटतें. म्हणून प्रश्न तीनच: तेल पोहोंचतें काय? हवा पुरेशी दाबली जाते काय? तेल योग्य क्षणीं पडतें काय?

पहिली साक्ष धुराची. इंजिन फिरवीत असतां धूर मुळींच नसेल, तर बहुधा तेलच पोहोंचत नाहीं. पांढरा धूर निघत असेल, तर तेल पोहोंचतें पण पेटत नाहीं. तेल नसल्यास टाकी, तोटी व गाळणी पाहावी. तेलांत पाणी उतरलें आहे काय, हेंही तपासावें. टाकी एकदां रिकामी झाली कीं नळींत हवा शिरते. पंपावरील हवा सोडण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहूं द्यावें. तेल नीट फवारलें जात असेल तर हँडल मारतांना नोझलचा करकर असा आवाज कानीं येतो. मात्र त्या फवाऱ्यापुढें हात कधींही धरूं नये. तो कातडी भेदून आंत शिरतो.

तेल ठीक असेल तर दाब पाहावा. दाब सोडण्याचा खटका खालीं ठेवून चाक हातानें हळूहळू फिरवावें. तें अडून मागें उसळलें तर दाब आहे. सैल फिरत राहिलें तर झडपा नीट बसत नाहींत किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. हें झाल्यावरच तेल पडण्याच्या वेळेचा विचार. तें काम मिस्त्रीवर सोपवावें.

हीच रीत नदीवरही लागू पडते. ओल इव्हिनरूड यानें अमेरिकेंत 1909 सालीं विक्रीस आणलेलें, नावेच्या मागें लावावयाचें इंजिन पेट्रोलवर चालतें. गोदावरी ही बीड जिल्ह्याची उत्तर सीमा. तिच्या पुरांत अडकलेल्या माणसांकडे निघालेल्या नावेचें असें इंजिन रुसलें, तर तेल आणि हवा यांच्या जोडीस ठिणगीचा प्रश्न विचारावा लागतो. क्रम मात्र तोच.

मोटेच्या युगांत ज्ञान डोळ्यांत व हातांत होतें. इंजिनाच्या युगांत तें प्रश्नांच्या क्रमांत आलें. ज्या शेतकऱ्यानें हा क्रम शिकून घेतला, त्याची ज्वारी मिस्त्रीची वाट पाहत सुकली नाहीं. यंत्र विकत मिळतें. त्याच्यावरील स्वामित्व मात्र शिकूनच मिळवावें लागतें.