रोकोको शैलीचे पोर्सेलिन घड्याळ : शैली एका काळाची, वस्तू दुसऱ्या काळाची

युरोपीय दिवाणखान्यात शेकोटीच्या चौकटीवरील फळीवर शोभेसाठी ठेवल्या जाणाऱ्या घड्याळाला ‘मँटल क्लॉक’ म्हणतात. त्याचा साचा पोर्सेलिनचा, म्हणजे उच्च प्रतीच्या चिनी मातीचा असून त्यावर शिंपल्यांचे वळसे, फुलांचे गुच्छ, बालमूर्ती आणि सोनेरी किनार असेल, तर ते रोकोको शैलीचे समजावे.

ही शैली पंधराव्या लुईच्या काळात, साधारण 1730 ते 1770 या वर्षांत फ्रान्समध्ये बहरली. जर्मनीतील माइसेन येथे 1710 मध्ये युरोपातील पहिला अस्सल पोर्सेलिनचा कारखाना निघाला होता. तेथील शिल्पकार केंडलर यांनी या मातीला मूर्तिकलेची प्रतिष्ठा दिली. मात्र एकोणिसाव्या शतकात या शैलीचे पुनरुज्जीवन झाले आणि जुन्या धर्तीची असंख्य घड्याळे नव्याने घडली. आज बाजारात दिसणारी बहुतेक घड्याळे या दुसऱ्या लाटेतील आहेत.

काळ ठरवताना साचा आणि यंत्र वेगवेगळे तपासावे लागतात. कारण ते निरनिराळ्या कारागिरांचे असत आणि यंत्र पुढे बदललेलेही असू शकते. परस्परांना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी ही माइसेनची खूण; पण तिची नक्कल अनेकांनी केली. फ्रेंच यंत्रांच्या मागील पत्र्यावर ‘जापी फ्रेर’ या नावासह 1855 हे वर्ष आढळते. ते पदक मिळाल्याचे वर्ष असते, घड्याळ बनल्याचे नव्हे.

हा काळनिर्णय केवळ किमतीपुरता नाही. 1972 च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या वारसांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

घड्याळ हलवण्यापूर्वी लंबक काढून ठेवावा. साचा पाण्यात बुडवू नये. जुने सांधे सुटतात आणि सोनेरी मुलामा झिजतो. गोव्याच्या दमट हवेत पोलादी कमान गंजते, म्हणून बंद घड्याळाला बळेच चावी देऊ नये. कमान तुटल्यास चाकांचे दातेही मोडू शकतात.

साचा आणि यंत्र या दोन्ही कला एकाच छताखाली पाहायच्या, तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय गाठावे. दिलसुखनगरहून मेट्रोने महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत गेल्यास ते तेथून जवळ आहे. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान (1889–1949) यांच्या संग्रहातून ते 1951 मध्ये उभे राहिले. तेथे युरोपीय पोर्सेलिनचे आणि घड्याळांचे अशी स्वतंत्र दालने आहेत. ‘कुक अँड केल्वी’च्या प्रसिद्ध घड्याळातील छोटा पहारेकरी दर तासाला बाहेर येऊन टोले देतो आणि ते पाहण्यासाठी प्रेक्षक आधीपासून जागा धरून बसतात.