माझी लेन्स बंद झाली त्याची गोष्ट

"ताई, तुमची लेन्स बंद झाली."

दुकानातल्या काकांनी हे इतक्या सहज सांगितलं, की जणू आज कोथिंबीर आली नाही एवढंच सांगत होते.

"बंद म्हणजे? स्टॉक संपलाय का?"

"नाही हो. कंपनीनंच बनवायची थांबवली. वर्षभर वापरायच्या लेन्स आता घेतं कोण? सगळे महिन्याच्या नाहीतर रोजच्या घेतात. त्याच नंबरची दुसरी देतो की तुम्हाला!"

ज्यांना चष्मा नाही किंवा असलाच तर उणे दीड-दोनचा आहे, त्यांना यात रडण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. माझा नंबर उणे ११. साताऱ्यातल्या शाळेत मला 'सोडावॉटर' म्हणायचे, कारण चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. त्या चष्म्यातून सगळं जग लहान दिसायचं. कॉलेजात असताना पहिल्यांदा लेन्स घातली आणि घराच्या गच्चीवर गेले. अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा टॉवर म्हणजे तोवर माझ्यासाठी आकाशात ओढलेली एक पुसट रेघ होती. त्या दिवशी त्या टॉवरच्या आडव्या-तिडव्या पट्ट्या दिसल्या. मी खाली येऊन आईला मिठीच मारली होती. त्यानंतर वीसेक वर्षं तीच लेन्स, तीच छोटी काचेची बाटली, दर वर्षी एक नवी जोडी. लग्नाच्या फोटोत मी बिनचष्म्याची दिसते ती तिच्याच कृपेनं.

असो. तर काकांनी 'त्याच नंबरची दुसरी' दिली आणि मी घेतली. चूक माझीही आहेच. संध्याकाळपर्यंत डोळे लालबुंद. पापणी मिटून उघडली की क्षणभर स्वच्छ दिसायचं, मग पुन्हा धूसर. पुस्तक वाचताना तर अक्षरं नाचायला लागली. तरी 'होईल सवय' म्हणत दोन आठवडे हट्टानं रेटलं. शेवटी सांगलीच्या मावशीला फोनवर हे कळलं आणि तिनं झापलं, "डोळ्यांशी कसले खेळ करतीस? आधी लेन्स काढून ठेव आणि उद्याच्या गाडीनं इकडं ये."

कपाटातून जुना चष्मा काढला, तो घालून साताऱ्याहून गाडीत बसले. कराड, ताकारी करत गाडी किर्लोस्करवाडीला थांबली आणि स्टेशनच्या पाटीकडे बघून एक गोष्ट आठवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांना खरं तर चित्रकार व्हायचं होतं. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण काही रंगांमधला फरकच त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता, म्हणून दोन वर्षांत चित्रकला सोडावी लागली. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. तिथे रंगांचं काम नव्हतं, रेषांचं होतं. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, १९०३ साली लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानच्या या माळावर कारखाना. डोळ्यांनी एक वाट अडवली तेव्हा त्यांनी 'तसंच दुसरं' शोधलं नाही. आपल्या डोळ्यांना काय झेपतं ते बघितलं आणि तिकडे गेले. तेव्हा नुसतं आठवलं होतं. त्याचा माझ्या लेन्सशी काय संबंध, ते सांगलीला पोचल्यावर कळलं.

डॉक्टर मॅडमनी बराच वेळ यंत्रातून डोळे तपासले. मग म्हणाल्या, "ही नवी लेन्स तुम्हाला घट्ट होतेय, ते लगेच कळतंय. पण मला जास्त काळजी तुमच्या जुन्या लेन्सची वाटतेय."

मी चक्रावले. माझी गुणाची जुनी लेन्स?

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर आरपार दिसलंच नसतं. म्हणून तिला लागणारा ऑक्सिजन ती मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरातून घेते. वरून लेन्स ठेवली की ती हवा लेन्समधूनच यायला हवी. उणे नंबरची लेन्स मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. नंबर जेवढा मोठा, तेवढी कड जाड. माझ्या कॉर्नियाला कडेकडेनं वर्षानुवर्षं हवा कमी पडत होती आणि तिथे बारीक रक्तवाहिन्या आत शिरायला लागल्या होत्या. दुखत नव्हतं, म्हणून मला पत्ता नव्हता.

"ती लेन्स बंद झाली ते तुमच्या दृष्टीनं बरंच झालं. नाहीतर तुम्ही आलाच नसता," मॅडम म्हणाल्या.

मग दोन आठवडे लेन्स बंद, नुसता चष्मा. मावशीकडे राहून मला दुसरं काम नव्हतं, तेव्हा या लेन्स प्रकरणाचा इतिहासच वाचून काढला. आणि मंडळी, या इतिहासात जवळजवळ प्रत्येक पानावर कुठली ना कुठली लेन्स 'बंद' होते!

सुरुवात १८८८ ची. झ्युरिकमध्ये अ‍ॅडॉल्फ फिक नावाच्या जर्मन डॉक्टरनं डोळ्यावर बसवायची काचेची वाटी केली. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या. डोळा आणि काच यांच्यामधल्या पोकळीत तो चक्क द्राक्षसाखरेचं पाणी भरायचा. (द्राक्षं आणि साखर! हा माणूस सांगली जिल्ह्यात शोभला असता.) ही वाटी दोनेक तासांच्या वर सोसवत नसे. पुढच्याच वर्षी कीलच्या ऑगस्ट म्युलरनं स्वतःसाठी अशीच काच करून घेतली. त्याचा नंबर माझ्यापेक्षाही मोठा होता, उणे १४. बिचाऱ्याला ती अर्ध्या तासाच्या वर घालवेना.

मग काच गेली आणि प्लॅस्टिक आलं. १९४८ साली अमेरिकेत केव्हिन ट्युओहीनं फक्त कॉर्नियापुरती, छोटी, कडक प्लॅस्टिकची लेन्स काढली. मोठ्या लेन्सची कड घडवताना तुटली आणि उरलेला मधला तुकडा त्यानं स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला, असं सांगतात. ही लेन्स हलकी होती, छान दिसायचं. पण त्या प्लॅस्टिकमधून हवा जवळजवळ जातच नाही. पापणी लवताना लेन्सखाली जे ताजे अश्रू सरकतात, तेवढ्यावरच कॉर्नियाची गुजराण.

मग आली मऊ लेन्स आणि तिची गोष्ट मला फार आवडली. प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांना राजकीय कारणांवरून १९५८ मध्ये त्यांच्या शिक्षणसंस्थेतून काढलं होतं. पाणी शोषून मऊ होणारं प्लॅस्टिक त्यांनी आणि त्यांचे सहकारी ड्राहोस्लाव लीम यांनी शोधलं होतं, पण त्याची लेन्स काही नीट घडेना. १९६१ च्या नाताळात विख्टरलेंनी घरच्या टेबलावर मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्यातून आणि सायकलच्या डायनॅमोवर साचा फिरवणारं यंत्र जोडलं आणि पहिल्या चार लेन्स केल्या. त्याच तंत्राची लेन्स १९७१ साली अमेरिकेत अधिकृतपणे विकायला आली. तिच्यात ३८ टक्के पाणी होतं. माझी लाडकी बाटलीतली लेन्स तिचीच नातलग.

डोळ्याला ती मऊ लागते म्हणून लोकांना वाटलं, प्रश्न मिटला. पण १९८४ मध्ये होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी मोजून दाखवलं की दिवसा घालायच्या लेन्समधून किमान किती ऑक्सिजन जायला हवा आणि रात्री घालून झोपायचं तर किती. त्यांच्या मापात दिवसाचा आकडा २४ आणि रात्रीचा ८७. मोठ्या नंबरच्या जाड लेन्स तर त्या दिवसाच्या आकड्यालाही कडेला कमी पडायच्या. म्हणून १९९९ च्या सुमारास सिलिकॉन मिसळलेल्या नव्या मऊ लेन्स आल्या, ज्यातून हवा कितीतरी जास्त जाते.

म्हणजे नवं ते चांगलं, असा सरळ हिशोब? तसंही नाही. २००६ मध्ये 'रिन्यू मॉइश्चरलॉक' नावाचं लेन्सचं नवं सोल्यूशन, डोळे जास्त वेळ ओलसर ठेवणारं म्हणून गाजावाजा झालेलं, जगभरातून परत घ्यावं लागलं. ते वापरणाऱ्यांमध्ये कॉर्नियाला बुरशीचा गंभीर संसर्ग झाल्याचं आढळलं होतं. नवं असो की जुनं, शेवटचा निकाल डोळा देतो.

एका रात्री मावशीला हे सगळं सांगत होते, तर ती म्हणाली, "तुझ्या पणजीचं ठाऊक आहे ना?" माझी पणजी साताऱ्याहून मिरजेला मोतीबिंदू काढायला आली होती. १९६० नंतरची गोष्ट, पुण्याहून मिरजेला येणारी गाडी तेव्हा मीटरगेजवर धावायची. डॉ. वॉनलेस या कॅनेडियन मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये उभारलेलं मिरजेचं रुग्णालय, तिथे लांबलांबून लोक यायचे. ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि कित्येक दिवस मान हलवायची नाही. डोळ्यातली नैसर्गिक लेन्स काढलेली, तिच्या जागी आत काहीच नाही. मग नाकावर अधिक दहाचा जाड चष्मा. माझ्या उलट, तिला सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. चहा कपाच्या अलीकडेच ओतायची आणि पायरी चुकायची म्हणून अंगणात एकटी उतरायची नाही. पण पोथी वाचायला मिळाली म्हणून देवाचे आभार मानायची.

आणि माझ्या आईचा मोतीबिंदू? सकाळी गेली, दुपारी घरी. डोळ्याच्या आतच लेन्स बसवलेली. या दोघींच्या मधेही एक सुंदर गोष्ट आहे. लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडली मोतीबिंदू काढत असताना एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, काढलेल्या लेन्सच्या जागी दुसरी का नाही बसवत? रिडलींनी युद्धात बघितलं होतं की विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेचे कण वैमानिकांच्या डोळ्यात राहिले तरी डोळा फारसा त्रास करून घेत नाही. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिल्यांदा रुग्णाच्या डोळ्यात बसवली. आपल्याकडे मदुराईच्या अरोलॅबनं १९९२ पासून अशा लेन्स स्वस्तात बनवल्या, तेव्हा ती सोय साध्या घरांपर्यंत पोचायला मदत झाली.

गंमत बघा, हे प्लॅस्टिक तेच, ट्युओहीच्या कडक लेन्सचं! डोळ्यावर ठेवलं तर कॉर्नियाचा श्वास अडवतं आणि डोळ्यात ठेवलं तर माणसाला जन्मभर साथ देतं.

दोन आठवड्यांनी परत मॅडमकडे. या वेळी त्यांनी सगळं पहिल्यापासून मोजलं. चष्मा डोळ्यापासून जरा लांब असतो आणि लेन्स डोळ्यावरच, म्हणून माझा चष्म्याचा उणे ११ लेन्समध्ये उणे ९.७५ होतो. पण महिन्याच्या बहुतेक लेन्स उणे ६ च्या पुढे अर्ध्या-अर्ध्यानं मिळतात, म्हणजे ९.५० नाहीतर १०. दुकानात मला १० दिला होता, शिवाय गोलाई ८.६ ऐवजी ८.४ ची. म्हणून घट्ट. आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला नंबर जास्त दिला की जवळचं वाचणं आणखी जड, म्हणून अक्षरांचा नाच. गोलाईचा आकडा जुळला म्हणजे लेन्स बसलीच, असंही नाही, कारण नव्या लेन्सचं मटेरियल वेगळं. ती डोळ्यावर ठेवून, पापणी लवताना किती सरकते ते बघूनच ठरवायचं.

पहिली ट्रायल लेन्स कडेनं टोचली. दुसरी बसली. आठवडाभर घालून पुन्हा तपासून घेतली. नंबर उणे ९.५०, मुद्दाम किंचित कमी, म्हणजे वाचायला बरं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण माझ्या डोळ्याला बसली ती तुमच्या डोळ्याला बसेलच असं नाही. मला एवढंच सांगायचंय की तुमची लेन्स बंद झाली तर जुन्या बाटलीवरचे आकडे दुकानात दाखवून 'तसलंच द्या' म्हणू नका. डोळा पुन्हा मोजून घ्या. माझा वीस वर्षांपूर्वी मोजलेला डोळा आता राहिलेला नव्हता आणि मी मात्र त्याच्यासाठीच लेन्स शोधत होते.

परत आल्यावर संध्याकाळी गच्चीवर गेले. खरं सांगायचं तर टॉवरच्या पट्ट्या पूर्वीइतक्या धारदार दिसत नाहीत. पाव नंबराचा फरक जाणवतो. जरा वाईट वाटलं. मग तिथेच उभ्या उभ्या आईचं औषधाचं पत्रक वाचून दाखवलं, हात लांब न करता. आई म्हणाली, "बारीक अक्षर दिसतंय की गं!"

त्या रक्तवाहिन्या आता आणखी पुढे सरकत नाहीयेत, असं मॅडमनी मागच्या तपासणीत सांगितलं. पुढची तारीख दिवाळीनंतरची. जुनी रिकामी बाटली अजून कपाटात आहे. टाकवत नाही, इतकंच.