दोन फेकींचा हिशेब

पाठशाळेंतील मूल संध्याकाळीं गणिताची वही पुढें करतें. प्रश्न असा : नाणें दोनदां उडविलें, तर निदान एकदां छापा पडण्याची संभाव्यता किती? मूल उत्तर देतें, दोन-तृतीयांश. वडील मंडळींचा हात लगेच तांबड्या पेन्सिलीकडे जातो. तत्पूर्वीं या चुकीची वंशावळ पाहणें इष्ट आहे.

१६५४ सालीं फ्रान्समध्यें पास्कल व फर्मा या दोघां गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला. अर्ध्यावर मोडलेल्या खेळांतील पैसा कसा वांटावा, हा त्याचा विषय. एका खेळाडूस जिंकावयास दोन डाव उणे, दुसऱ्यास तीन. फर्मांची युक्ति अशी कीं, निकाल आधींच लागला तरी चारही डाव खेळले असें मानावें. मग सोळा सारख्या शक्यता होतात. अकरा पहिल्याच्या, पांच दुसऱ्याच्या. यावर रोबेर्वाल नामक गणितज्ञांनीं आक्षेप घेतला : खेळ दोन-तीन डावांतच संपत असेल, तर न खेळलेले डाव मोजावे कां?

बरोबर शंभर वर्षांनीं, १७५४ सालीं, हाच विचार पुन्हां डोकावला. फ्रेंच विश्वकोशाचे एक संपादक दालांबेर हे थोर गणितज्ञ होते. त्यांनीं त्या कोशांत लिहिलें कीं, पहिल्या फेकीस छापा पडला कीं खेळ संपला. म्हणून शक्यता तीनच : छापा, काटा-छापा, काटा-काटा. पैकीं दोन अनुकूल. आपल्या मुलाचेंच हें उत्तर!

दोष मोजणींत नाहीं. तिन्ही शक्यता समान मानण्यांत आहे. 'छापा' या एका शब्दांत छापा-छापा व छापा-काटा अशा दोन शक्यता दडल्या आहेत. त्या उलगडल्या कीं एकंदर चार, त्यांत अनुकूल तीन. उत्तर तीन-चतुर्थांश.

हें मुलास सांगूं नये, दाखवावें. दालांबेर यांच्या तीन शक्यतांचे तीन रकाने आंखून द्यावे आणि खेळाच्या शंभर फेऱ्या करवाव्या. पहिल्या रकान्यांत पन्नासाच्या आसपास खुणा होतील, उरलेल्या दोहोंत पंचविसांच्या आसपास. तीन रकाने समान नाहींत, हें मूल स्वतःच बोलेल. ज्या ठिकाणीं असे पंडित अडखळले, तेथें आपल्या मुलास रागें भरण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?