तळटीप : ‘पेशीची सूज’

१. ‘सूज’ हा शब्द ग्रंथकाराने सदरहू ठिकाणी पेशीच्या आतील फुगवट्यास उद्देशून योजिला असून, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने लाली, उष्णता व वेदना यांच्या जोडीने दाहाचे लक्षण म्हणून जी सूज नोंदविली, तिच्याशी वाचकांनी हिची गल्लत करू नये; कारण दाहात द्रव रक्तवाहिन्यांतून पाझरून पेशींच्या बाहेर साचतो, तर येथे तो पेशींच्या आत शिरतो. प्राणवायूचा पुरवठा तुटला की पेशीतील ऊर्जेचा साठा आटतो, सोडियम बाहेर घालविण्याचा तिचा नित्याचा बंदोबस्त ढासळतो आणि सोडियमच्या पाठोपाठ पाणी आत येते. अशा स्थितीतले मूत्रपिंड हाती घेतले असता फिकट, ताठर व वजनाने जड भासते. तथापि ही अवस्था प्रतिवर्ती होय : मुदतीत रक्त पुन्हा पोहोचल्यास पेशी पूर्ववत होते. ही मुदत हृदयाच्या स्नायूस सुमारे २० ते ३० मिनिटांची, तर मेंदूतील चेतापेशींस अवघ्या काही मिनिटांची असते; ती टळली म्हणजे पेशीचे आवरण फाटते, केंद्रक आक्रसून अखेर विरून जाते, आणि पुढील प्रकरणात ‘ऊतकनाश’ या संज्ञेखाली ज्याचे वर्णन आले आहे, त्या प्रक्रियेस आरंभ होतो. — संपादक